विसापूर ते विधिमंडळ : रोजगार हमी कायद्यामागील नेतृत्वाचे प्रकरण

1965 साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, एक छोटा प्रयोग झाला. काम मागणाऱ्या मजुराला गावाच्या आसपासच काम द्यायचे, ते शेतीला उपयोगी पडेल असे निवडायचे आणि झालेल्या कामाच्या मोजमापाप्रमाणे मजुरी चुकती करायची, एवढेच त्याचे स्वरूप होते. या प्रयोगामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे होते. तिथपासून 26 जानेवारी 1979 रोजी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम अमलात येईपर्यंत जवळपास 14 वर्षे गेली. त्या काळात वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री राज्याने पाहिले, 1972 चा दुष्काळ सोसला, आणीबाणी आली आणि उठली, सत्ताधारी पक्ष फुटला. तरीही हा विषय मागे पडला नाही. राज्यातील राजकीय, सहकारी, औद्योगिक आणि नागरी नेतृत्वाचे हितसंबंध एरवी एकमेकांना छेद देत असताना या एका प्रश्नावर त्यांची वाट एक कशी झाली, आणि त्या सहमतीची किंमत पुढे कोणी मोजली, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

प्रथम पागे यांच्या स्थानाचा विचार केला पाहिजे, कारण प्रभाव आणि अधिकार यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. सभापतीकडे खाते नसते, अंदाजपत्रकातील रक्कम नसते, बदल्या करण्याची सत्ता नसते. सभागृह चालवणे, सदस्यांना बोलण्याची संधी देणे आणि कामकाजाची प्रतिष्ठा राखणे हे त्याचे काम. पागे 1960 ते 1978 अशी सलग 18 वर्षे या पदावर होते. एखाद्या मंत्र्याने ही योजना मांडली असती तर ती त्या मंत्र्याच्या खात्याची योजना ठरली असती आणि खाते बदलताच तिचा वाली गेला असता. पागे यांच्याकडे खातेच नसल्याने त्यांची योजना कोणत्याही एका मंत्र्याची झाली नाही, आणि सरकारे बदलली तरी तिचा पाठपुरावा करणारा माणूस त्याच आसनावर राहिला. शिवाय विधान परिषदेत शिक्षकांचे, पदवीधरांचे, स्थानिक स्वराज्य संस्थांचे आणि विधानसभेने निवडून दिलेले प्रतिनिधी एकत्र बसतात. म्हणजे खेड्यातील जिल्हा परिषदेचा पुढारी आणि मुंबईच्या नोकरदार मतदारांचा प्रतिनिधी हे दोघेही सभापतीच्या रोजच्या परिचयाचे असतात. माझ्या मते या योजनेच्या यशात त्या आसनाचा वाटा जेवढा मानला जातो त्याहून बराच मोठा आहे.

विसापूरच्या अनुभवावरून पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यासमोर विषय मांडला, आणि नाईक यांनी तो धरून ठेवला. नाईक स्वतः शेतीच्या प्रश्नात मुरलेले होते. राज्यातील पिकाखालच्या क्षेत्रापैकी 10 टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला तेव्हा सिंचन मिळत होते. बाकीची शेती पावसाच्या भरवशावर होती. कोरडवाहू गावात सुगी संपली की मजुराच्या हाताला काम उरत नसे, आणि पाऊस नेटका झालेल्या वर्षीही उन्हाळ्याचे महिने उधारीवर किंवा गाव सोडून काढावे लागत. त्यामुळे दुष्काळ हा या उपासमारीचा केवळ उघडा पडलेला भाग होता. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी देशातील दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यातही ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी देण्याची दिशा सांगितलेली होती. विसापूरच्या माळावरचा अनुभव आणि विद्येच्या क्षेत्रातला विचार हे दोन्ही असे एकाच दिशेने चालले होते. 1972 मध्ये राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली.

त्याच वर्षी पाऊस गेला. आधीची दोन वर्षेही अपुऱ्या पावसाची असल्याने विहिरींनी तळ गाठलेला होता. जनावरे कवडीमोल भावाने विकली गेली किंवा दावणीलाच मेली. जाहीर झालेली योजना बाजूला ठेवून शासनाला जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे काढावी लागली. 1973 च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांवर गेली होती. खडी फोडणे, रस्त्यांवर मुरूम टाकणे, पाझर तलाव आणि नाला बांध बांधणे अशी ती कामे. अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी यांची आठवण त्या पिढीतील माणसे अजूनही सांगतात. खडी फोडायला बसलेल्यांत केवळ भूमिहीन नव्हते. एरवी गावात मान असलेल्या शेतकरी कुटुंबांतील बायाही डोक्यावर पदर ओढून त्या रांगेत होत्या. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे मजुरीचे काम हा केवळ खालच्या थराचा प्रश्न राहिला नाही. आपलीच माणसे खडीवर पाहिलेल्या ग्रामीण पुढाऱ्याला पुढे या योजनेच्या विरोधात उभे राहणे अवघड गेले असावे, असे मला वाटते.

शहरेही यातून सुटली नाहीत. धान्य, तेल, साखर यांचा तुटवडा आणि भाववाढ यांमुळे मुंबईत 1972 पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या विरोधी पक्षांतील नेत्या हजारो गृहिणींना घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे हे त्या मोर्चांचे चिन्ह झाले. ग्रामीण भागात शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्ते दुष्काळी कामांवर मजुरांना संघटित करत होते. कामे वाढवा, मजुरी वेळेवर द्या, पाणी द्या अशा मागण्यांसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे येत होते. या दडपणाशिवाय पागे यांची कल्पना कायद्यापर्यंत पोहोचली असती असे मानणे त्या कार्यकर्त्यांवर अन्याय करणारे ठरेल. वरून आलेला विचार आणि खालून आलेली मागणी यांची गाठ दुष्काळाने घालून दिली.

तोपर्यंत चालत आलेली रीत अशी होती की पिकाची आणेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, काढली जाई, ती ठरलेल्या मर्यादेखाली आली की टंचाई जाहीर होई, आणि त्यानंतरच शासन कामे काढी. ब्रिटिश काळातील दुष्काळ संहितेपासून हा क्रम चालत आला होता. त्यात मजुराची गरज ठरवण्याचा निर्णय अधिकाऱ्याचा होता आणि दुष्काळ सरताच काम बंद होत असे. योजनेने हा क्रम उलटा केला. काम कधी काढायचे हे आणेवारीवर अवलंबून न ठेवता मजुराच्या अर्जावर ठेवले गेले. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांच्या घोषणेतला ‘मागेल’ हा शब्द सर्वांत भारी आहे. पाऊस चांगला झाला असला तरी अमुक गावातील पन्नास माणसे काम मागत असतील तर तेथे काम निघाले पाहिजे, आणि गरज संपली की माणसे आपोआप शेतावर परततील, हे त्यामागचे गृहीत होते. मेहनतीचे काम आणि बेताची मजुरी असल्याने ज्याला खरी गरज आहे तोच येईल, त्यामुळे गरिबांची यादी करण्याचीही आवश्यकता नव्हती.

परंतु हक्क द्यायचा तर पैसा दरवर्षी हवा, आणि येथेच राज्यातील नेतृत्वाची खरी कसोटी लागली. 1974 पासून योजना पुन्हा मार्गी लागली, तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र कर बसवण्याचा निर्णय झाला. 1975 मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कराचा कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद 276 नुसार अशा करास तेव्हा एका व्यक्तीमागे वर्षाला 250 रुपयांची मर्यादा होती, ती 1988 मध्ये 2500 रुपये झाली. या कराबरोबरच बागायती जमिनीवरील विशेष आकारणी, मोटार वाहनांवरील आणि विक्रीवरील करातील वाढ, शहरांतील बिगरनिवासी मालमत्तेवरील रोजगार हमी उपकर असे इतर मार्गही जोडले गेले. या करांतून जेवढे निव्वळ उत्पन्न येईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधी करायचा, असे ठरले.

कराचा मोठा वाटा साहजिकच मुंबईतून येत होता. मुंबईच्या कारखानदाराने, बँकेतल्या कारकुनाने, डॉक्टरने आणि दुकानदाराने मराठवाड्यातील मजुराच्या रोजगारासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची, ही गोष्ट साधी नव्हती. शहरी उद्योग-व्यापार क्षेत्राने ती आनंदाने स्वीकारली असे मी म्हणणार नाही. पण ओझे प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येत होते, ते पगारातून कापले जात होते, आणि दुष्काळात गावे सोडून शहराच्या फुटपाथवर आलेली कुटुंबे सर्वांनी डोळ्यांनी पाहिली होती. गावातच काम मिळाले तर शहरावरील ताण हलका होतो, हा हिशेब शहरी नेतृत्वाला समजण्यासारखा होता. बागायतदारांवरही आकारणी बसवल्यामुळे खेड्यातील श्रीमंतांना मोकळे सोडले असा आक्षेपही बोथट झाला. निधी कायद्याने बांधला गेल्याने अर्थमंत्री बदलला तरी योजनेचा पैसा दुसरीकडे वळवणे सोपे राहिले नाही. एका व्यक्तीच्या कळकळीचे रूपांतर संस्थेत झाले ते या तरतुदीमुळे.

आता ग्रामीण सत्ताधाऱ्यांची बाजू. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा आणि विधानसभेच्या जागा ज्यांच्या हातात होत्या त्या बागायतदार नेतृत्वाला मजुराच्या हाती हक्क जाणे परवडणारे होते का? मजुराला दुसरीकडे खात्रीचे काम मिळाले की शेतमजुरीचे दर वाढतात, हे त्यांना कळत होते. तरीही त्यांनी योजना अडवली नाही, याची कारणे अनेक होती. मजुरी कामाच्या मोजमापावर आणि बेताच्या दराने दिली जात होती. कामे बहुतेक उन्हाळ्यात जोर धरत आणि पेरणी-सुगीच्या वेळी माणसे शेतावर परतत. पाझर तलाव, नाला बांध, समपातळी बांध आणि रस्ते यांचा फायदा जमीन असलेल्यांना होत होता. तलावाखालच्या विहिरीला पाणी आले तर ते विहीर असलेल्याच्याच उसाला मिळत होते. आणि आमदाराच्या दृष्टीने मतदारसंघात कोणते काम कोठे काढायचे हे सुचवण्याची संधी मोलाची होती. मजुराला काम, जमीनदाराला पाणी, आमदाराला श्रेय आणि शहराला निवांतपणा, असा प्रत्येकाच्या पदरात काही ना काही टाकणारा हा करार होता. पागे आणि नाईक यांचे राजकीय शहाणपण मी यात पाहतो. पण याच करारात पुढील अडचणींची बीजेही होती.

1977 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 1978 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 20 म्हणून ते कायद्यात आले आणि 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून, शरद पवार यांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार असताना, लागू झाले. एका सरकारने मांडलेले, दुसऱ्याने कायद्यात बसवलेले आणि पहिल्यांच्या विरोधातून सत्तेवर आलेल्या तिसऱ्याने अमलात आणलेले काम, असे उदाहरण आपल्या राज्याच्या इतिहासात सहज सापडत नाही, आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क देण्याचे जे निदेशक तत्त्व आहे, त्याला एका राज्याने कायद्याचे रूप दिले.

कायद्याच्या तरतुदी मोजक्या होत्या. ग्रामीण भागातील 18 वर्षांवरील ज्या व्यक्तीची अंगमेहनतीचे अकुशल काम करण्याची तयारी आहे तिने नाव नोंदवून काम मागितल्यास 15 दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास दिवसाला किमान 1 रुपया बेकारी भत्ता द्यायचा. खर्चातील किमान 60 टक्के भाग मजुरीवर जायला हवा. ठेकेदार नको. स्त्री आणि पुरुष यांना एकाच मोजमापाने मजुरी. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर. मजुराला कोणते काम हवे ते निवडण्याचा हक्क मात्र नव्हता.

कागदावरील हक्क हजेरीपटावर उतरवणे ही वेगळी लढाई होती आणि ती लढणाऱ्यांची नावे सरकारी इतिहासात फारशी नाहीत. नमुना 4 भरून तलाठ्याकडे कामाची मागणी करायची आणि त्याची तारीख घातलेली पोच घ्यायची, हे पंधरा दिवसांच्या मुदतीचे मूळ. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही. म्हणून अनेक ठिकाणी पोच देण्याचेच टाळले जाई. बेकारी भत्ता प्रत्यक्षात फारच क्वचित दिला गेला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा भागात आदिवासी मजुरांमध्ये काम करणाऱ्या श्रमिक संघटनेसारख्या संघटना, डाव्या पक्षांच्या शेतमजूर युनियन आणि पुढे अनेक स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी गावोगावच्या बैठकांत हा अर्ज भरायला शिकवले, मोजमाप स्वतः पडताळायला शिकवले आणि पाळणाघर, पिण्याचे पाणी, सावली या सोयींसाठी कामावरच आंदोलने केली. कामावर स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. अनेक गावांत स्वतःच्या नावाने हातात पडलेली पहिली रोख मजुरी ती हीच. जिथे संघटना होती तिथे कायदा चालला आणि जिथे नव्हती तिथे मुकादमाची मर्जी चालली, असा फरक राज्यभर दिसत होता. प्रभावशाली नेतृत्वाची यादी करताना हे तालुक्याच्या पातळीवरील कार्यकर्ते वगळले जातात, हे मला मोठे उणे वाटते.

1988 मध्ये किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि हमीच्या कामाची मजुरी त्यांच्याशी जोडलेली असल्याने तीही वाढली. मजुरांच्या दृष्टीने ही न्याय्य गोष्ट होती. पण त्यानंतरच्या काळात कामावरील मनुष्यदिवसांची संख्या घटली, आणि अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्यावर असे दिसले की मागणी असूनही पुरेशी कामे काढली जात नव्हती. निधीवर ताण आला की नियम न बदलताही हमी कशी आकुंचित करता येते ते यातून कळते: नवे काम मंजूर करायला उशीर करायचा, लांबचे काम दाखवायचे, अर्जाची पोच द्यायची नाही. कोणत्याही सभागृहात चर्चा न होता हक्क कमी होतो.

1990 पासून योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर आंबा, काजू, डाळिंब, बोर यांची झाडे लावण्यासाठी अनुदान मिळू लागले, आणि आज राज्यात उभ्या असलेल्या फळबागांच्या विस्ताराचे बरेच श्रेय या निर्णयाला जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला तो खरोखर उपयोगी पडला. तरीही भूमिहीन मजुराच्या नावाने गोळा केलेल्या निधीचा ओघ जमीन असलेल्याकडे वळला, ही गोष्ट नाकारता येत नाही. मूळ करारात ग्रामीण नेतृत्वाचे हित आधीपासून विणलेले होते आणि मजूर संघटनांचा जोर ओसरला तसे ते वर आले, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो. याच काळात कर जमा होत राहिले आणि खर्च मागे पडत गेला, त्यामुळे योजनेसाठी घेतलेला पैसा योजनेवर पूर्ण खर्च न होण्याची स्थिती आली. ज्या बंधनाने निधी सुरक्षित ठेवला होता ते बंधन पैसा कोणत्या कारणासाठी घ्यायचा हे सांगत होते. तो दरवर्षी खर्चही करायला कोणाला भाग पाडायचे हे सांगत नव्हते. माझ्या मते कायद्याच्या रचनेतील ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती पागे यांच्या नंतरच्या नेतृत्वाने भरून काढायला हवी होती.

2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्यातील वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे 100 दिवसांची मर्यादा महाराष्ट्राच्या कायद्यात नव्हती. येथे हमी व्यक्तीला होती आणि वर्षभराची होती. केंद्रीय कायद्याच्या कलम 28 ने स्वतःचा कायदा असलेल्या राज्याला तो चालू ठेवण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राने आपल्या अधिनियमात सुधारणा करून 100 दिवसांपलीकडील रोजगाराची जबाबदारी राज्याकडे ठेवली. मजुरीचा मोठा खर्च केंद्राकडून येऊ लागल्यावर मात्र राज्यातील आमदारांचे, मंत्र्यांचे आणि शहरी करदात्यांचे या योजनेकडे पूर्वीसारखे लक्ष राहिले नाही. पंचायत समितीच्या सभांत विहिरी आणि गोठे यांच्या मंजुरीवर जेवढी चर्चा होते तेवढी नमुना 4 च्या पोचेवर होत नाही.

कर मात्र सुरूच राहिला. राज्यातील ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचे 200 रुपये दर महिन्याला आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, म्हणजे वर्षाचे 2500. ते कापताना किंवा कापले गेल्याचे पाहताना तासगाव तालुक्यातील विसापूर किंवा 1973 च्या मे महिन्यातील खडीवरची 50 लाख माणसे फारशी कोणाच्या मनात येत नाहीत. शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा एक धडा असावा आणि पगारपत्रकावरील त्या रकान्यासमोर ‘रोजगार हमीसाठी’ असे दोन शब्द छापले जावेत, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.